दुसऱ्या बैठकीलाही त्या याव्यात म्हणून: गरोदर मातांचा गट भरवणाऱ्या नव्या ताईंसाठी

माझ्या उपकेंद्रात पहिल्यांदा गरोदर मातांचा गट भरवला तेव्हा चौदा जणी आल्या. मी खूश. पाऊण तास उभी राहून आहार, लोहगोळ्या, धोक्याची लक्षणं, स्तनपान असं सगळं एका दमात सांगितलं. पुढच्या महिन्यात चौघी आल्या, त्यातल्या दोघी आशाताईंच्या भावकीतल्या. उरलेल्यांपैकी एकीला विचारलं, बाकीच्या का नाही आल्या गं? ती सहज म्हणाली, "मॅडम, मागल्या टायमाला सगळं सांगून झालं की."

तेव्हापासून मी बैठक ठरवताना हेच वाक्य डोळ्यांसमोर ठेवते. ज्या बैठकीत सगळं सांगून होतं, तिथे दुसऱ्यांदा यायचं कारणच उरत नाही. नव्यानं रुजू झालेल्या सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई मला विचारतात की बायका येत नाहीत, काय करू? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पहिल्या बैठकीला माणसं जमवणं फार अवघड नाही. खरी कसोटी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बैठकीची असते.

आधी हे समजून घ्या

गटातली तपासणी आणि लसीकरणाच्या दिवशीची रांग यांत फरक आहे. रांगेत प्रत्येकीला दोन मिनिटं मिळतात, बीपी, वजन, गोळ्या, पुढची. गटात एकाच सुमाराला बाळंत होणाऱ्या आठ ते बारा जणी दर वेळी त्याच असतात. तपासणी प्रत्येकीची वेगळी होते, पण उरलेला तास-दीड तास सगळ्या गोल बसून बोलतात. ही पद्धत अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात शॅरन शिंडलर रायझिंग या परिचारिका-सुईणीनं १९९३च्या सुमारास बसवली. तिच्या लक्षात आलं होतं की दिवसभर ती प्रत्येक खोलीत तेच तेच प्रश्न ऐकते आणि तीच तीच उत्तरं देते. २००७ साली अमेरिकेतल्याच दोन शहरांतल्या १,०४७ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गटात आलेल्यांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका सुमारे एक तृतीयांशानं कमी दिसला. पुढे साउथ कॅरोलिनात दोन हजारांहून जास्त स्त्रियांवर अभ्यास झाला, त्यात गटात तपासलेल्या आणि एकेकट्या तपासलेल्या यांच्यात तसा ठळक फरक आला नाही. मात्र ज्या जास्त वेळा गटात आल्या त्यांची बाळंतपणं सरस होती. यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. ज्यांच्या घरी आधीच बरं चाललंय त्यांनाच जास्त वेळा येता येतं, हेही त्यामागे असू शकतं. म्हणून तर न येणारीकडे जास्त लक्ष द्यायचं.

आपल्याकडचा दाखला जवळचा आहे. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी गावांत 'एकजूट' संस्थेनं बायकांचे गट चालवले. ते तपासणीचे नव्हते, चित्रं, खेळ, गोष्टी यांतून आपल्या अडचणी आपणच सोडवण्याचे होते. तिथे नवजात बालमृत्यू तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी घटले. २०१३ साली भारत, नेपाळ, बांगलादेश आणि मलावी इथले असे सात अभ्यास एकत्र तपासले गेले. जिथे गावातल्या किमान ३० टक्के गरोदर स्त्रिया गटात येत होत्या, तिथे नवजात मृत्यू एक तृतीयांशानं कमी झालेले दिसले. म्हणून हजेरी हा नुसता रजिस्टरचा रकाना समजू नका. दोन-चार हौशी बायकांच्या गटानं गाव बदलत नाही.

यादी: तारखेनं जुळवा

मैदानी भागात एका उपकेंद्राला साधारण ५,००० लोकसंख्या असते. हजारी पंधरा जन्म धरले तर वर्षाला पंचाहत्तर, म्हणजे महिन्याला सहा-सात. एका महिन्याच्या मातांचा गट फारच लहान होतो. म्हणून प्रसूतीची अंदाजे तारीख लागोपाठच्या दोन महिन्यांत येणाऱ्यांना एकत्र घ्या, बारा जणी होतात. आदिवासी आणि डोंगरी भागात उपकेंद्र ३,००० वस्तीचं असतं, तिथे तीन महिने एकत्र करा.

पाचव्या महिन्याची आणि नवव्या महिन्याची एकत्र बसवू नका. एकीला अजून उलट्या होताहेत आणि दुसरी कळांचं विचारते आहे, अशा गटात दोघींचंही समाधान होत नाही.

नोंद बारा आठवड्यांच्या आत व्हायलाच हवी, पण गट मात्र चौथ्या महिन्यात सुरू करा. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही हा रिवाज घट्ट आहे. तिसऱ्या महिन्याच्या आत चारचौघींत बोलावलंत तर ती येणार नाही, आणि पुढेही तुम्हाला टाळेल. त्या काळात आशाताईंनी एकट्यानं घरी जाऊन कार्ड काढावं, फॉलिक ॲसिड सुरू करावं, एवढं पुरे.

वेळ आणि जागा: त्यांनाच विचारा

मी सुरुवातीला मंगळवारी अकराची वेळ ठेवली, कारण ती मला सोयीची होती. मंगळवार हा शेजारच्या गावच्या बाजाराचा दिवस निघाला. तुमच्या गावात नळाला पाणी कधी येतं, बाजार कोणत्या वारी, मजुरीला टेम्पो किती वाजता निघतो, एवढं आधी वहीत लिहा. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, कोकणात भातलावणी या दिवसांत दुपारची बैठक म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी बुडणं. मुकादमाशी बोलून अर्धी सुट्टी मिळाली तर उत्तम, नाहीतर संध्याकाळी चारनंतर बसा. घरी परतायला तुम्हाला उशीर होईल हे खरं आहे, पण त्या काळात दुसरी वाट मला सापडलेली नाही.

जागा बघताना पहिलं बघायचं ते शौचालय. गरोदर बाईला तासाभरात दोनदा तरी जावं लागतं, आणि ही सोय नसेल तर ती संकोचानं पाणीच पीत नाही किंवा अर्ध्यातून उठून जाते. दुसरं, पाठ टेकायला भिंत. सतरंजी भिंतीच्या कडेनं अंथरा, दिवस भरत आलेल्यांसाठी दोन-तीन खुर्च्या. तिसरं, पोट तपासायला आडोसा. आमच्याकडे दोन खिळ्यांवर जुनी साडी बांधतो.

आणि एक गोष्ट उघडपणे लिहिते. देवळाचा सभामंडप, एखाद्या पुढाऱ्याचा वाडा, एका आळीतलं समाजमंदिर इथे गावातल्या सगळ्या बायका येत नाहीत. कुणी त्यांना अडवत नाही, तरी त्या येत नाहीत. वस्तीवरच्या, तांड्यावरच्या बायका सलग दोनदा आल्या नाहीत तर त्यांना दोष देण्याआधी जागा बदलून पाहा. आमचा गट अंगणवाडीत मुलं जेवून गेल्यावर बसायला लागला आणि पारधी वस्तीवरची पहिली मुलगी तेव्हा आली.

पहिली बैठक: हातात काम द्या

आल्या आल्या 'बसा' म्हणू नका. वजनकाट्याजवळ न्या. प्रत्येकीनं स्वतःचं वजन स्वतः बघायचं आणि माता बाल संरक्षण कार्डावर स्वतःच्या हातानं लिहायचं. लिहिता येत नसेल तर शेजारणीनं लिहायचं. मग डिजिटल बीपी मशिन. पहिल्या दिवशी मी दोघींना पट्टा कसा बांधायचा ते शिकवते: कोपराच्या दोन बोटं वर, हात टेबलावर सैल, पाच मिनिटं शांत बसल्यावर, मध्ये बोलायचं नाही. त्या दोघी बाकीच्यांचा बीपी घेतात, मी शेजारी उभी राहून आकडा बघते. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, वा त्याच्या पुढे गेला, की मी स्वतः पुन्हा मोजते आणि तरीही तेवढाच आला तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवते.

एकदा जेमतेम वीस वर्षांच्या एका मुलीनं आपल्याच जावेचा बीपी घेतला. आकडा १४८ आला. जाऊबाई म्हणाल्या, "कायतरी बिघडलंय मशिन." ती मुलगी ठामपणे म्हणाली, "मशिन नाय बिघडलं, तुम्ही पाच मिनिटं बसा गप." घरात जिच्यापुढे मान वर करून बोलायची नाही, तिला तिनं पाच मिनिटं गप्प बसवलं. दुसऱ्यांदा १४६. जाऊबाई निमूटपणे माझ्याबरोबर निघाल्या. ती मुलगी पुढे एकही बैठक चुकली नाही. कारण विचारलं तर म्हणायची, मी नाही आले तर बीपी कोण घेणार?

हजेरीचं गुपित मला इथे कळलं. जिच्याकडे गटातलं एखादं काम असतं ती येतेच. एकीकडे सतरंजी, एकीकडे घड्याळ, एकीकडे वही, एकीकडे पुढच्या वेळी शेवग्याच्या पाल्याची भाजी करून आणायचं काम. बाराही जणींना काहीतरी द्या.

तिकडे हे चाललं असताना साडीच्या आडोशाला तुम्ही एकेकीला घ्या, तीन-चार मिनिटं. पोटाची उंची, बाळाचे ठोके, पायावरची सूज, तिची खासगी तक्रार. एचआयव्ही, सिफिलिस यांचे अहवाल, आधीचा गर्भपात, घरातली मारहाण, नवऱ्याचं पिणं हे गोलात कधीच काढायचं नाही. आडोशाला विचारायचं, आणि वहीतही नावापुढे उघड लिहायचं नाही. गावात एक गोष्ट फुटली की गट संपला.

गोलातलं बोलणं

विषय एकच घ्या, दोन नाही. आणि तो अर्धवट राहू द्या. "पुढच्या वेळी प्रत्येकीनं सांगायचं, गोळ्या किती घेतल्या आणि काय झालं," असं म्हणून थांबा.

प्रश्न आला की लगेच उत्तर देऊ नका. आपल्याला सवय लागलेली असते, तोंडावर येतंच. तरी "यावर तुमचं काय म्हणणं आहे?" असं गोलाकडे वळवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ४५ टक्क्यांहून जास्त गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. गोळ्या तर आपण वाटतोच. मग त्या जातात कुठे? एका बैठकीत एचबी म्हणजे हिमोग्लोबिन ८.२ असलेली एक जण म्हणाली, गोळी घेतली की मळमळतं आणि शी काळी होते, म्हणून मी त्या पत्र्यावर टाकते. मी काही बोलायच्या आत दुसरी म्हणाली, "काळी होतेच गं, ती लोखंडाची असते. मी रात्री जेवून झोपताना घेते, वर लिंबू चोखते." तिसरीनं विचारलं, मग कॅल्शियमची कधी? तेव्हा मी मध्ये पडले: कॅल्शियम सकाळी-दुपारी, लोहगोळीबरोबर कधीच नाही, आणि गोळीच्या आगेमागे चहा नको. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत होते. शेजारणीच्या तोंडून आली तेव्हा पटली.

पण चुकीचं बोललेलं तसंच जाऊ देऊ नका. "कमी खाल्लं की बाळ बारीक राहतं, सुटका लवकर होते" हे प्रत्येक गटात कुणीतरी म्हणतंच. इथे गोड बोलत बसू नका, स्पष्ट सांगा की कमी वजनाचं बाळ जगवणं किती कठीण जातं. मुलगा की मुलगी, सोनोग्राफीत कळेल का, हेही कुणीतरी विचारतं. गर्भाचं लिंग तपासणं-सांगणं १९९४च्या कायद्यानं गुन्हा आहे, एवढं एकदाच, सगळ्यांसमोर, ठाम आवाजात.

आणि धोक्याची लक्षणं मात्र अर्धवट सोडू नका, ती दर बैठकीत पूर्ण: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणं. यांतलं काहीही झालं तर बैठकीची वाट बघायची नाही, १०२ किंवा १०८. हे आकडे प्रत्येकीकडून तोंडपाठ म्हणवून घ्या.

गट म्हणजे डॉक्टरांची सुट्टी नव्हे. जागतिक आरोग्य संघटना २०१६पासून गरोदरपणात किमान आठ भेटी व्हाव्यात असं सांगते, आणि आपल्या देशात पाचव्या सर्वेक्षणापर्यंत चार भेटी पूर्ण झालेल्या माता शंभरात ५८च होत्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, तिथे गटानं मिळून जा. एक रिक्षा केली की भाडं वाटून जातं, आणि एकटीला घरून न सोडणारे पाच जणींबरोबर सोडतात.

सासूबाई

तिला यायचं असतं, पण "कशाला दर महिन्याला? आम्ही काय बाळंत झालो नाही?" हा प्रश्न चुलीपाशी अडवतो. सासूबाईंना विरोधक समजू नका. आशाताईंनी पहिल्या बैठकीआधी घरी जाऊन बोलावणं सुनेला नव्हे, त्यांना द्यावं. तिसऱ्या बैठकीला त्यांना मुद्दाम बोलवा आणि त्यांच्या बाळंतपणाबद्दल विचारा. आमच्याकडच्या एका आत्याबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं की त्यांचं पहिलं मूल चौथ्या दिवशी गेलं होतं. सून शेजारीच बसली होती, तिलाही माहीत नव्हतं. त्यानंतर त्या स्वतःच सुनेला घेऊन यायला लागल्या.

नवऱ्यांसाठी एक रविवार ठेवा. सगळे येत नाहीत. चार आले तरी बसा.

माहेर आणि कारखाना

रजिस्टरात 'अनुपस्थित' लिहिलेल्यांतल्या कितीतरी जणी खरं तर माहेरी असतात. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात ओटीभरण-डोहाळजेवण झालं की पाठवणी, हा आपला रिवाज आहे आणि तो बदलायला जाऊ नका. दुसऱ्याच बैठकीत प्रत्येकीला विचारा: बाळंतपण कुठे? माहेरचं गाव, तिथलं उपकेंद्र आणि तिथल्या आशाताईंचा नंबर कार्डाच्या मागे लिहून घ्या. निघायच्या आदल्या आठवड्यात तिकडच्या आशाताईंना स्वतः फोन करा आणि फोन तिच्या हातात द्या, दोघींची ओळख होऊ दे.

उलट, तुमच्या गावात माहेरवाशिणी येतात, त्यांची नावं तुमच्या यादीत नसतात. त्यांनाही गटात घ्या. नोंद सासरची असली तरी आज ती तुमच्या गावात आहे. डोहाळजेवणाचं आमंत्रण आलं की नक्की जा. कोण कधी निघणार, कोण आली, हे तिथे पानसुपारीला बसल्या बसल्या कळतं.

मराठवाड्यातल्या ताईंना ऊसतोड माहीतच आहे. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत. त्या बायकांसाठी पावसाळ्यात बैठका महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी घ्या, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी निघायच्या आत उरका, गोळ्या पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या द्या, आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. पाचटाच्या कोपीत कागद टिकत नाही. कारखाना कोणता, मुकादमाचा नंबर काय, हेही लिहून ठेवा.

जी आली नाही तिच्यासाठी

त्याच संध्याकाळी काहीतरी करा, उद्यावर टाकू नका. फोन बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो, म्हणून फोनवर 'का नाही आलीस' विचारणं तिला घरात अडचणीत आणू शकतं. गटातलीच जवळ राहणारी एक जण जाते, "आज तुझी आठवण काढली सगळ्यांनी" एवढं सांगते आणि अडलं काय ते विचारते. कारण वहीत तिच्याच शब्दांत लिहा. 'निष्काळजी' किंवा 'जागृती नाही' असलं काही लिहू नका, त्यावर काही उपाय करता येत नाही. 'धाकट्याला सांभाळायला कोणी नाही' असं लिहिलं तर अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना अर्धा तास मुलं बघायला सांगता येतं.

निरोप पाठवण्याआधी एक खात्री आशाताईंकडून करून घ्या: तिचं बाळ पोटात सुखरूप आहे ना. आमच्या गटातली एक जण पाचव्या महिन्यात गर्भ पडून मोकळी झाली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. शेजारीण हसत दारात गेली, "चल की गं" म्हणाली. ते घर नंतर बरेच दिवस आमच्याशी बोललं नाही, आणि ते रास्तच होतं. अशा बाईकडे सिस्टरनं स्वतः जायचं, एकटीनं, रिकाम्या हातानं, रजिस्टर न घेता.

योजनांचं आमिष दाखवून हजेरी वाढवू नका. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५,००० रुपये हा तिचा हक्क आहे, बैठकीला येण्याचं बक्षीस नाही. मात्र फॉर्म बैठकीतच भरायला बसा. आधार, बँकेचं पासबुक, नावातली चूक, हे एकीचं सोडवताना बाकीच्या शिकतात.

महिन्याच्या अहवालात एकूण सह्या लागतात, त्या द्या. पण स्वतःच्या वहीत दुसरा हिशेब ठेवा: सुरुवातीच्या बारा जणींपैकी कोण किती वेळा आली. दर वेळी नव्या बारा सह्या असतील तर तो गट नव्हे. बारातल्या आठ जणी पाच-सहा वेळा आल्या तर तुमचं छान चाललंय. आणि आकडा कमी आला तर कमीच लिहा.

शेवटची बैठक बाळंतपणानंतर दीड महिन्यानं ठेवा, बाळांसकट. माहेरी गेलेल्यांतल्याही काही जणी तोवर परतलेल्या असतात. पुढच्या गटातल्या दोघी-तिघींना त्याच दिवशी बोलवून घ्या, नुसतं बसायला. सतरंज्या दोन लागतील, बाळांचा वजनकाटा न्या, आणि पंख्याखालची जागा बाळांना सोडा.